धाकू तांडेलाचा फ्रेंच डिफेन्स

१२ जुलै १९३१
डायरी १९२९ची. ताकदीच्या गोळ्या विकणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीने फुकट वाटली होती, दोन वर्षे कोरीच राहिली. छापील वार शुक्रवार. खोटा. आज रविवार. तारखा खऱ्या, वार खोटे, एवढे लक्षात ठेवले की झाले.
आजपासून रोज लिहायचे. रोज पहाटे पाचला उठायचे. रोज इंग्रजी पाच शब्द. आणि धाकू तांडेलाला बुद्धिबळात हरवायचे. हे चौथे सर्वांत सोपे, म्हणून शेवटी लिहिले.
कारण असे. जेवताना भावोजी म्हणाले, बाबल्या, तुझं वय किती झालं? म्हटले, बावीस. मग त्यांचे नेहमीचे सुरू झाले. मी काय काय सोडले ते त्यांना भजनासारखे पाठ आहे. केळशीची शाळा, इंग्रजी तिसरीत. बेळगावला नाटक कंपनीत पडदा ओढणे. चिपळूणचे चहाचे दुकान (ते मी सोडलेले नाही, ते पुरात गेले). आणि मुंबईची गिरणी, सतरा दिवस. गिरणीबद्दल मी बोलत नाही. साच्यांचा आवाज एवढा, की सतराव्या दिवशी मुकादमाने नाव विचारले तर मला आठवायला वेळ लागला. त्याच दिवशी निघालो.
मी म्हटले, गिरणी माझे क्षेत्रच नव्हे. आमच्या चाळीतल्या टायपिस्टाने मला बुद्धिबळ शिकवले आणि आठवड्यात मी त्यालाच हरवले. भावोजींनी भात कालवता कालवता हात थांबवला. म्हणाले, असं? मग धाकू तांडेलाला हरव. नारळी पौर्णिमेपर्यंत एक डाव. एकच. हरवलास तर वर्षभर ह्या घरात लोळ, मी तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर आगबोट सुरू होईल त्या दिवशी ट्रंक डोक्यावर, आणि सरळ गिरणी.
राहीताई वाढत होती. तिने मला भात जास्त वाढला.
मी म्हटले, कबूल.

१३ जुलै, संध्याकाळ
हरलो.
तांडेलाचे घर मांडवीला, बंदराच्या अंगाला. त्याचा मचवा पावसाळ्यासाठी वर ओढून झापांनी शाकारलेला, आणि तो स्वतः पडवीत शाकारलेला. वय साठ. एरवी कौले नि नारळ भरून मुंबई ते मंगळूर करतो. पट म्हणजे जुन्या शिडाचा तुकडा, घरे दोऱ्याने शिवलेली. मोहरी लाकडी, अर्धी तांबडी, अर्धी हिरवी. राहीताई बरोबर होती. तांडेलाची बायको तुळसाकाकी, तिला आमसुले द्यायची होती.
तांडेल म्हणाला, तू पाहुणा. तांबडी घे, आधी चाल.
मी राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे ठेवले. ठाप्पकन. टायपिस्ट सांगायचा, पहिली खेळी आवाज करून खेळावी, समोरचा दचकतो.
तांडेलाने प्याद्याकडे बघितले. मग माझ्याकडे. मग आत, राहीताईकडे. कान खाजवला. काहीतरी बोलणार होता, पण गिळले. आणि आपले राजापुढचे प्यादे एक घर सरकवले. एकच.
ते बघणे मी ओळखले. ती भीती होती.
डाव तिसाव्या खेळीला गेला. हात बसलेला नाही, दुसरे काही नाही.

१४ जुलै
हरलो. पाट डुगडुगत होता.

१६ जुलै
हरलो. काल अधिक महिना संपला. जावयाला तेहतीस अनारसे सासरहून, म्हणजे आमच्याकडून, जायचे असतात. आमच्याकडे म्हणजे मीच. ताईने स्वतःच केले आणि माझे नाव सांगून वाढले. भावोजी माझ्याकडे न बघता खात होते. तेहतीस मोजले तर सत्तावीस भरले, त्याबद्दल कुणी काही बोलले नाही.
डावाबद्दल: मी राजापुढचे दोन घरे, तो एक घर. तिन्ही डावांत हेच. नंतरही त्याची सगळी प्यादी एकेक घर. मुंग्यांसारखी. आणि शेवटी त्या मुंग्या माझ्या राजाला उचलून नेतात. ह्यात काहीतरी सिस्टीम आहे.
पाचला उठणे उद्यापासून. कोंबडा आजारी आहे.

२० जुलै
सापडले!! सापडले!!
वाचनालयात पावसाला म्हणून शिरलो. तिथे एका कपाटाचा पाय आखूड, त्याच्याखाली एक इंग्रजी पुस्तक दिलेले. पुठ्ठा नाही, पहिली पाने नाहीत, पण आत पट काढलेले. ग्रंथपालाला म्हटले, हे मी वाचायला नेतो. तो म्हणाला, त्याच्या जागी तेवढ्याच जाडीचं आणून दे. भावोजींकडचे जुने पंचांग दिले, दोन वर्षांचे एकत्र.
पुस्तकाची भाषा गुप्त आहे, पण मी सोडवली. पी म्हणजे प्यादे. (इंग्रजांना थोडे मराठी येत असावे.) के म्हणजे किंग. पान ६१, वर ठळक अक्षरांत: पी-के फोर, पी-के थ्री. म्हणजे तांबडे प्यादे दोन घरे, हिरवे एक घर. हाच तो! शीर्षक: फ्रेंच डिफेन्स.
धाकू तांडेल फ्रेंच डिफेन्स खेळतो. मांडवीच्या पडवीत बसून. कुणाला पत्ता नाही.
आता मी हरत होतो त्याची लाज राहिली नाही. मी एका तांडेलाकडून हरत नव्हतो. फ्रान्सकडून हरत होतो.

२१ जुलै
सहज विचारल्यासारखे विचारले, काका, कधी पाँडिचेरीला गेला होता? तांडेल म्हणाला, नाय बा. मंगळुराच्या खाली काय काम? म्हटले, मग फ्रेंचांच्या माहे बंदराला? कुणी फ्रेंच भेटला होता? म्हणाला, फ्रेंच? तो कोण, कुठच्या वाडीतला?
लपवतो आहे.
लगेच विषय बदलला. म्हणाला, बाबल, तुला पोहता येतं काय रे? म्हटले, येते, पण आत्ता विचार चालू आहे. दोन खेळ्यांनी माझा वजीर गेला. असे प्रश्न ऐन वेळी टाकणे हा त्या डिफेन्सचाच भाग असावा. पुस्तकात बघायचे.
हरलो.

२४ जुलै
पुस्तकाचा अभ्यास. रोज दोन तास ठरवले आहेत. आज वीस मिनिटे झाला, पण सखोल.
मुख्य मुद्दा असा: पहिल्या खेळीला तो एक घर चालतो ती हूल. दुसऱ्या खेळीला वजिरापुढचे प्यादे एकदम दोन घरे आणून आपल्या मधल्या प्याद्यावर आदळतो. सगळा डिफेन्स ह्या दोन घरांवर उभा. पुस्तकात पुढे लिहिले आहे, ह्यावर सर्वोत्तम उपाय, आणि तिथे पान संपते. पुढची पाने वाळवीने खाल्ली. एकदम पान ८३, तिथे दुसरेच काहीतरी.
हरकत नाही. उपाय मी स्वतः शोधीन. शेवटी त्या पुस्तकवाल्यानेही कुणाकडून तरी शोधूनच लिहिला असेल.

२६ जुलै
उपाय तयार. अंगणातल्या चिऱ्यावर कोळशाने पट आखून, मोहऱ्यांच्या जागी काजूच्या बिया ठेवून तीन तास बसलो. ताई म्हणाली, बिया मोजून ठेवल्या आहेत हां.
गेलो. मी दोन घरे. तो एक घर. मी वजिरापुढचे दोन घरे. आता तो दोन घरे आदळणार, म्हणून मी बाह्या सावरून बसलो.
त्याने वजिरापुढचे प्यादे एक घर चालवले.
म्हणजे तो थांबला आहे. दोन घरांची खेळी हाताशी ठेवून मला लोंबकळत ठेवतो आहे. मी सबंध डाव त्या खेळीची वाट बघत काढला. ती आली नाही. त्याच्याआधी मात आली.
हा फ्रेंचांच्याही पुढे गेलेला माणूस आहे.

२९ जुलै
दोन दिवस गेलो नाही. वाटेत भजनीबुवांनी हाक मारली, पेटी शिकतोस का म्हणून. सा रे ग पर्यंत झाले. बुवा म्हणतात हात चांगला आहे. पेटीवादक होण्याचा विचार गंभीरपणे करायला हवा. रोज पेटी एक तास, बुद्धिबळ दोन तास, इंग्रजी पाच शब्द, आणि पाचला उठणे.

३० जुलै
पेटी सोडली. बुवा पहिले वर्षभर पेटीचा भाताच मारायला लावतात.

१ ऑगस्ट
पुस्तकात एक जागी पी टेक्स पी, आणि पुढे बारीक अक्षरांत ई.पी. असे आहे. ई.पी. म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नाही. पोस्टातले पेन्शनर म्हणाले, एक्स्प्रेस पोस्ट असेल. बरोबर वाटले. म्हणजे प्यादे मारायचे, पण विजेसारखे.
तांडेलाचे प्यादे आले तसे झडप घालून मारले. बाकीची चार मोहरी पडवीतून खाली वाहत्या पागोळीत गेली. तुळसाकाकी कणगीआडून म्हणाली, पोरगा खेळतो की कोंबड्या हाकतो? तांडेल भिजत खाली उतरला, मोहरी वेचली, धोतराला पुसली, एकेक बरोबर घरावर ठेवले. सगळे त्याला पाठ होते. मग म्हणाला, बाबल, तुझे हात चपळ आहेत रे. दोर धरशील काय, वाऱ्यात?
म्हटले, दोराचे दुकान भावोजींचे. माझा संबंध नाही.
हरलो.

३ ऑगस्ट
आज एक चमत्कार. त्याचा राजा मी कोंडला होता. नक्की कोंडला होता. तेवढ्यात तुळसाकाकीने निखाऱ्यावर सुका बांगडा टाकला. वास आला, मी मान वळवली, परत बघतो तर राजा अडीच घरे पलीकडे. घोड्यासारखा उडून गेल्यासारखा. अर्थात तसे होत नाही. माझे लक्ष बांगड्याकडे होते, मध्ये एकदोन खेळ्या झाल्या असतील.
निश्चय: तिथे जाण्याआधी पोटभर जेवून जायचे.
हरलो. बांगडा मात्र दिला.

६ ऑगस्ट
तांडेल मला वैतागवण्याच्या नव्या युक्त्या काढतो आहे. आज डाव मांडण्याआधी ट्रंकेतून सरकारी शिक्क्याचा कागद काढला, म्हणाला, हे वाचून दाखव रे. बंदराचा परवाना. इंग्रजी. मी पाच मिनिटांत अर्थ सांगितला. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, हयसर लिहिलंय ते तुला एवढ्यात कळलं? मग अजून एक काढला. मग अजून एक. डोळे दुखायला लागले. म्हटले, काका, आता डाव मांडू या का? म्हणाला, मांडू. पण सांग, आजवर आमचा सगळा कारभार दुसऱ्याच्या डोळ्यांनी. घरचा एखादा वाचणारा असता तर बरं, नाय?
म्हटले, बरेच. तांबडी माझी ना?
थकवूनच मग खेळायचे हा डाव. हरलो.

९ ऑगस्ट
ताई विचारत होती, धाकूकाका काय म्हणाले? म्हटले, काय म्हणणार, हरवतात. म्हणाली, ते नव्हे. दुसरं काही बोलले का? म्हटले, ते दुसरेच बोलत असतात, डावाबद्दल तोंड उघडत नाहीत. पोहता येते का, दोर धरशील का. मी ताकास तूर लागू देत नाही.
ताई खांबाला टेकून उभीच राहिली. मग म्हणाली, बाबल्या, माझ्यासाठी एक कर. कुणी काही विचारलं, काही पुढे केलं, तर आधी घ्यावं. नको म्हणू नये.
बायकांना डावातले कळत नाही म्हणतात, पण ही गोष्ट खोल आहे.

१० ऑगस्ट
ताईचा सल्ला पाळला. तांडेलाने जे जे पुढे केले ते ते घेतले. प्यादे घेतले, दुसरे प्यादे घेतले, उंट घेतला. सोळाव्या खेळीला मात. आजवरचा सर्वांत छोटा डाव.
ताईचा सल्ला पुन्हा घ्यायचा नाही.

१३ ऑगस्ट, दिव्यांची अवस
ताईने दिवे घासून पाटावर मांडले. भावोजी दुकानातून आले ते मोजतच आले. पौर्णिमेला पंधरा दिवस. एकूण डाव किती झाले? म्हटले, मोजत नाही, संख्येला अर्थ नसतो. म्हणाले, जिंकलास किती ते सांग, ती संख्या लहान असेल.
मी विषय बदलला. विचारले, तुम्ही तांडेलाशी किती वर्षे खेळता? म्हणाले, बारा. म्हटले, जिंकलात किती? भावोजी हात धुवायला गेले.

१५ ऑगस्ट
आज तांडेलाने थेट विचारले, बाबल, बोटीत बसलास की तुला ओकारी येते काय?
मला येत नाही. मुंबईला जाताना नि येताना आगबोटीवर सगळे आडवे झाले होते, मी भाकरी खात होतो. पण नाही म्हटले असते तर पुढचा प्रश्न आला असता, आणि माझा घोडा मोक्याच्या जागेवर होता. म्हटले, हो काका, फार. पाणी बघितले तरी मळमळते.
तांडेल म्हणाला, अरे रे.
खरेच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. नाटकी माणूस. घोडाही गेला.

१९ ऑगस्ट
नाट्याहून खंडू म्हणून एक गडी आला आहे. तांडेलाच्या पडवीत बसून शीड शिवतो आणि मोठ्याने हसतो. तांडेलाने त्याला विचारले, पोहतोस? हो. दोर धरशील? हो. ओकारी? आपल्याला नाय बा तसलं काय. वाचता येतं? नाय, पण कुणाला विचारीन.
नुसता हो-हो. खुशामत्या. असल्या माणसाला स्वतःचे मत नसते.
आमचा डाव चालू असताना मध्येच तांडेल म्हणाला, बाबल, तुझं मन नेमकं कुठं आहे रे? खरं सांग. म्हटले, काका, ह्या डावात. नि दुसरीकडे कुठेच नाही. पौर्णिमेपर्यंत मला दुसऱ्या कशालाही वेळ नाही.
बरं, म्हणाला. कान खाजवला. खेळला, पण एरवीसारखे लक्ष नव्हते. तरी जिंकला.

२३ ऑगस्ट
आठवडाभर एकच विचार. उपाय मिळाला, आणि तो पुस्तकातला नाही, माझा आहे. काटा काट्यानेच काढायचा. शेवटच्या दिवशी म्हणायचे, काका, आज तुम्ही तांबडी घ्या. मग त्याचाच फ्रेंच डिफेन्स त्याच्यावर. पहिल्यांदा एक घर, शांतपणे. आणि दुसऱ्या खेळीला ती वजिरापुढची दोन घरांची खेळी, जी तो दीड महिना माझ्यापासून लपवून आहे, ती मी त्याच्यासमोर ठेवणार. ठाप्पकन. त्याला कळेल की मला कळले आहे.
तोपर्यंत डोके शांत ठेवायचे. म्हणून तिकडे जायचे नाही. भाट्याच्या पुळणीवर कुर्ल्या धरायला जाणार.

२७ ऑगस्ट
कुर्लीने बोट धरले. उजव्या हाताचे. डाव्याने लिहितो आहे. डावे अक्षर जास्त बरे आहे.
उद्या.

२८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
सगळे लिहून ठेवतो. जसे झाले तसे.
सकाळी मांडवीला गर्दी. मचवे खाली ओढलेले, नवा रंग, पताका. तांडेल स्वच्छ धोतरात. म्हणाला, नारळ सोडायला अजून तासभर आहे, चल, तुझा डाव काढू. भावोजी आले होते, ताईही. खंडू मचव्यावर काहीतरी बांधत होता.
मी म्हटले, काका, आज तुम्ही आधी.
तो हसला. बसला. राजापुढचे प्यादे एक घर चालला.
मी थांबलो. पुस्तकात तांबडा दोन घरे येतो. हरकत नाही. मी राजापुढचे एक घर, शांतपणे. तो वजिरापुढचे एक घर. आणि मी, कुर्लीने धरलेल्या बोटाने, माझे वजिरापुढचे प्यादे उचलले आणि दोन घरे पुढे ठेवले. ठाप्पकन. आणि त्याच्या डोळ्यांत बघितले.
तांडेल म्हणाला, आता तरी एक घर चाल रे बाळा.
म्हटले, का?
म्हणाला, प्यादं एकच घर चालतं.
म्हटले, पहिल्यांदा दोन.
म्हणाला, आमच्यात नाय. आमच्या बापजाद्यांपासून एकच. राजाला तेवढी एकदा घोड्याची उडी. बाकी सगळं एक घर.
मी म्हटले, मग मी दीड महिना दोन घरे चालत होतो ते?
तांडेल ताईकडे बघून बोलला, माझ्याकडे नाही. म्हणाला, पहिल्या दिवशी तू चुकून दोन घरं चाललास. राही आत बसली होती. पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा, त्याला बहिणीच्या देखत काय टोकायचं? गप्प बसलो. मग तू रोजच चालायला लागलास. एकदा चालू दिलं ते मागं कसं घ्यायचं?
मी विचारले, आणि फ्रेंच डिफेन्स?
तो म्हणाला, तो फ्रेंच अजून सापडला नाय काय तुला?
भावोजी मोठ्याने हसतील असे वाटले होते. ते हसले नाहीत. म्हणाले, धाकूकाका, ह्याला दोन घरं दिलीत? दीड महिना? मला बारा वर्षांत कधी अर्धं दिलं नाही. आणि खरेच तोंड फिरवून उभे राहिले.
मी प्यादे एक घर मागे घेतले. डाव पुढे खेळलो. एकोणिसाव्या खेळीला मात.
तेवढ्यावर संपले असते तर ठीक होते.
तुळसाकाकी ओटीत नारळ घेऊन आली. ताईला म्हणाली, राही, तू उगीच पायतणं झिजवलीस. आमच्याकडून कमी झालं नाही हो. ह्यांनी पोराला दहा वेळा विचारलं. मी विचारले, काय विचारलं? काकी म्हणाली, घ्या! ह्याला अजून ठाऊक नाही. अरे, मचव्यावर एक माणूस हवा होता, वाचणारा. आठ महिने दर्यावर, चार महिने इथं घरात. राही पहिल्या दिवशी आमसुलं घेऊन आली ती त्याच्यासाठीच.
मी तांडेलांकडे बघितले. तांडेल म्हणाले, मी विचारलं रे. पोहणं विचारलं, दोर विचारला, कागद वाचून घेतले. तू म्हणालास वेळ नाही. तू म्हणालास ओकारी येते. ज्याला दर्या नको त्याला ओढून नेऊ नये. खंडूला शब्द दिला. शब्द दिला तो दिला.
म्हटले, काका, मला ओकारी येत नाही.
म्हणाले, आता असं म्हणू नये, बाळा. खंडू ऐकतो आहे.
मग सगळे नारळ घेऊन पाण्याकडे गेले. मचवा सुटला तेव्हा खंडूने दोर फेकला. गाठ चुकीची होती. दोरखंडाच्या दुकानात राहून मला एवढे कळते. मी बोललो नाही.

२९ ऑगस्ट
काही नाही.

१ सप्टेंबर
पुस्तक वाचनालयात परत केले. ग्रंथपालाने पंचांगे काढली, पुस्तक कपाटाखाली सारले. कपाट आता डुगडुगते. मी पाने नेली म्हणतो. मी नाही, वाळवीने. तो ऐकत नाही.

४ सप्टेंबर
भावोजी आज आपणहून म्हणाले, बाबल्या, दुकानात राहतोस का, गाठी मारायला? म्हटले, नको, शब्द दिला आहे. तांडेलांचे ऐकून असे बोलावेसे वाटले. बोलून झाल्यावर कळले की हो म्हणायचे होते. भावोजी म्हणाले, बरं. त्यांनी पुन्हा विचारले नाही. मी संध्याकाळपर्यंत दुकानाच्या फळीवर बसून होतो, विचारतील म्हणून.

९ सप्टेंबर, आगबोटीवर
छापील वार सोमवार. आज बुधवार आहे.
बंदरावर ताई आली होती. रडली नाही. म्हणाली, पोचल्याचं लिही. म्हटले, रोज लिहीन. म्हणाली, रोज नको, एकदा लिही.
ट्रंक उघडली तर वर फडक्यात सहा अनारसे. कधी केले कोण जाणे. सहाच. म्हणजे त्या दिवशीचे तिने मोजले होते.
जयगडच्या पुढे बोट हलायला लागली. डेकवर निम्मे लोक आडवे झाले आहेत. शेजारचा राजापूरचा माणूस कठड्याला धरून उलटी करतो आहे आणि मला विचारतो, तुम्हाला काहीच कसं होत नाही? तुम्ही खलाशी काय?
त्याला अनारसा देऊ केला. नको म्हणाला. मी चार खाल्ले.
मुंबईत प्यादे दोन घरे चालते. तिथे मी कुणालाही हरवीन.
पहाटे पाचला उठण्याचे राहिले होते. ते आता होईल. गिरणीचा पहिला भोंगा पाचलाच होतो.